टीमचा मुक्काम कुठे आणि पैशाचा मुक्काम कुठे?

क्रिकेटचा मोसम आला की कारंजा, मंगरुळपीर, रिसोडच्या चहाच्या टपरीवर एक चर्चा हमखास रंगते. मुंबईची टीम आहे, चेन्नईची आहे, लखनौचीही झाली, मग विदर्भाची का नाही? आणि उद्या झालीच तर तिचा मुक्काम कुठे राहील? चर्चा थोडी पुढे गेली की आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांचा खरा प्रश्न बाहेर येतो. टीम आली तर आपल्या धंद्याला काय? जामठ्याच्या रस्त्यावर गाळा धरून ठेवावा का? जर्सीचा माल भरावा का? हप्त्यावर एखादी गाडी काढावी का?

कर्ज काढून अशा आशेवर पैसा घालण्याआधी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. टीमचा ‘मुक्काम’ हा शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, परंतु त्यात निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. टीमच्या नावात कोणते शहर आहे ही एक. तिचे घरचे सामने कोणत्या मैदानावर होतात ही दुसरी. खेळाडू सराव कुठे करतात, महिनोन्‌महिने राहतात कुठे ही तिसरी. आणि टीमचे बिल मंजूर करणारा माणूस कोणत्या शहरात बसतो ही चौथी, जिची चौकशी कोणीच करीत नाही. पूर्वी या सर्व गोष्टी बहुधा एकाच गावी असत. आता त्या फुटल्या आहेत, आणि व्यापारी फसतो तो नेमका इथेच.

ताजे उदाहरण घ्या. जून २०२५ मध्ये आपल्या देशात रग्बीची पहिली व्यावसायिक लीग झाली. रग्बी म्हणजे लांबोळका चेंडू हातात घेऊन पळण्याचा तो धसमुसळा खेळ. टीमच्या नावांत हैदराबाद, दिल्ली, चेन्नई, बंगळूर, मुंबई आणि कलिंग अशी सहा नावे होती. सामने मात्र सगळेच्या सगळे मुंबईत, अंधेरीच्या क्रीडा संकुलात झाले. विजेतेपद चेन्नईच्या टीमने नेले, पण चेन्नईच्या पानवाल्याचे एक पानसुद्धा त्यामुळे जास्त खपले नसेल. २०२३ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये पहिल्या वर्षी हाच प्रकार होता. रत्नागिरी, कोल्हापूर, सोलापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशी आपली गावे टीमच्या नावांत होती आणि सामने पुण्याजवळ गहुंजे येथे होते. रत्नागिरीची टीम जिंकली, गर्दीचा धंदा मात्र गहुंज्याच्या आसपासच्यांनी केला.

कबड्डीचेही असेच झाले. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा प्रत्येक टीम आपल्या शहरी घरचे सामने खेळत असे. मुंबई आणि पुणे या आपल्या दोन टीम. पुढे करोनाच्या काळात २०२१-२२ चा सगळा मोसम बंगळूरच्या एकाच ठिकाणी पार पडला, आणि आयोजकांना कळून चुकले की दूरचित्रवाणीवर खेळ दिसला म्हणजे पुरे, टीम घरी असलीच पाहिजे असे नाही. तेव्हापासून काही मोसम मोजक्या तीन-चार शहरांतच उरकले गेले.

आता आपल्या घराकडे येऊ. नागपूरला जागेची अडचण नाही. वर्धा रस्त्यावर जामठा येथे विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे मैदान २००८ मध्ये तयार झाले. सुमारे ४५ हजार लोक बसतील एवढे ते मोठे आहे. खेळाचीही अडचण नाही. फैज फजल या नागपूरच्याच खेळाडूच्या नेतृत्वाखाली विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला, आणि २०२४-२५ मध्ये केरळविरुद्धचा अंतिम सामना जामठ्यावरच अनिर्णित राखून, पहिल्या डावातील आघाडीवर, तिसऱ्यांदा जिंकला. अकोल्याचा अथर्व तायडे, अमरावतीचा जितेश शर्मा हे विदर्भाचे खेळाडू आयपीएलमध्ये खेळले, पण परक्या शहरांच्या टीमकडून. वाशिम-कारंज्याच्या कापूस व्यापाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पीक इथले, गाठीही इथेच बांधल्या जातात, आणि कापड होते ते दुसऱ्याच्या गिरणीत.

नागपूरला आयपीएलची टीम मिळाली नाही, परंतु पाहुण्या टीम येऊन गेल्या, आणि त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. २०१० मध्ये तेलंगणाच्या आंदोलनामुळे हैदराबादेत सामने घेणे अवघड झाले. तेव्हाच्या हैदराबादच्या टीमने, म्हणजे डेक्कन चार्जर्सने, आपले घरचे सामने नागपूर, कटक आणि नवी मुंबई येथे वाटून खेळले. जामठ्यावर गर्दी झाली, लॉज भरले, टॅक्सीवाल्यांनी चार पैसे मिळविले. पुढच्या वर्षी टीम हैदराबादला परत गेली, आणि २०१२ मध्ये तर ती टीमच बंद पडली.

दुसऱ्या वेळी पाणी आडवे आले. २०१६ मध्ये पंजाबच्या टीमने आपले तीन घरचे सामने नागपूरला ठरविले होते. त्या वर्षी मराठवाडा-विदर्भातील दुष्काळ आपण कोणी विसरलेलो नाही. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. मैदानांवर लाखो लिटर पाणी मारण्याविरुद्ध याचिका झाली आणि एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. नागपूरचे तिन्ही सामने मोहालीला गेले. अंतिम सामनासुद्धा मुंबईहून बंगळूरला हलविला गेला. आदेश योग्यच होता, असे आमचे मत आहे. ज्या गावात माणसाला हंडाभर पाणी मिळत नाही तेथे हिरवळीवर पाणी मारणे शोभत नाही. परंतु व्यापाऱ्याच्या बाजूने विचार करा. सामने ठरले म्हणून ज्याने माल भरला, मंडपाचे साहित्य अडकवून ठेवले, त्याला नुकसानभरपाई कोण देणार? कोणीही नाही. क्रिकेटचा हा मोसम उन्हाळ्यात येतो, आणि उन्हाळ्यात विदर्भात पाण्याची खात्री नसते. ही जोखीम २०१६ पुरती नव्हती, ती पुढेही राहणार.

पुण्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. २०१० च्या लिलावात सहारा समूहाने पुण्याची टीम ३७ कोटी डॉलरला घेतली. गहुंज्याचे मैदान तयार नव्हते, म्हणून पहिल्या वर्षी, २०११ मध्ये, ‘पुण्याची’ टीम नवी मुंबईत खेळली. २०१३ नंतर ती संपली. २०१६ मध्ये दुसरी टीम आली ती दोनच वर्षांच्या बोलीवर, आणि दुष्काळाच्या त्या आदेशाने तिलाही विशाखापट्टणम गाठावे लागले. २०१८ मध्ये कावेरीच्या वादामुळे चेन्नईचे सामने पुण्याला आले. तेव्हा चेन्नईहून तेथील चाहत्यांसाठी खास रेल्वेगाडी सोडण्यात आली होती. फुटबॉलची एफसी पुणे सिटी ही टीम २०१९ मध्ये बंद होऊन तिची जागा हैदराबादने घेतली. दहा वर्षांत एवढ्या टीम आल्या आणि गेल्या, आणि हे पुण्यासारख्या श्रीमंत शहरात घडले.

मग मालक टीमचा मुक्काम ठरवितो तरी कशावर? आपल्याला वाटते तिकिटांच्या गल्ल्यावर. तसे नाही. आयपीएलच्या प्रक्षेपणाचे हक्क २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी ४८ हजार ३९० कोटी रुपयांना विकले गेले. त्यातला मोठा हिस्सा टीमना वाटून मिळतो. या रकमेपुढे दारावरची तिकीटविक्री किरकोळच. त्यामुळे मालक पाहतो ते मोठ्या कंपन्या कुठे आहेत, विमानतळ कसा आहे, पंचतारांकित हॉटेले किती आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये लखनौची टीम ७ हजार ९० कोटींना आणि अहमदाबादची ५ हजार ६२५ कोटींना गेली. एवढी रक्कम मोजणारा माणूस जामठ्याबाहेर संत्र्याचा रस किती विकला जाईल याचा हिशेब करीत नाही. तो हिशेब आपला आपणच करायचा.

टीम मोठ्या शहरी ठेवावी की जिथे खेळ रुजला आहे अशा लहान गावी, हा वाद इटली देशात फार स्पष्टपणे झाला, म्हणून तो थोडक्यात सांगतो. तेथे रग्बी मुख्यतः उत्तरेकडील लहान शहरांत खेळली जाते. २०१० पासून इटलीच्या दोन व्यावसायिक टीमना आयर्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या लीगमध्ये जागा मिळणार होती. २००९ मध्ये तेथील रग्बी महासंघाने निवड केली ती राजधानी रोमची एक टीम आणि उत्तरेकडील व्हियादाना या छोट्या गावची ‘आयरोनी’ ही दुसरी. ट्रेव्हिसो शहराला वगळले, जे अनेक वेळा देशाचे विजेते होते. ट्रेव्हिसोच्या पाठीशी कोण? बेनेटन. होय, तेच स्वेटरवाले बेनेटन, ज्यांच्या नावाची दुकाने आपल्याकडील मोठ्या शहरांतही आहेत. त्यांचा कारखाना ट्रेव्हिसोजवळच. काही महिन्यांतच रोमच्या टीमचे आर्थिक गणित जमेना आणि तिची जागा ट्रेव्हिसोला द्यावी लागली. ती टीम आजही तेथेच आहे, सुमारे ५ हजार लोकांच्या मैदानावर.

याचा अर्थ लहान गाव जिंकले असा घेऊ नये. व्हियादानाची आयरोनी दोन मोसम खेळली आणि २०१२ मध्ये पैशाच्या अडचणीमुळे तिचा परवाना गेला. तिच्या जागी महासंघाने जवळच्याच पार्मा शहरात ‘झेब्रे’ ही नवी टीम उभी केली. ट्रेव्हिसोही लहान, व्हियादानाही लहान, खेळाचे वेड दोन्हीकडे सारखेच. फरक एवढाच की एका गावात टीमचा खर्च वर्षानुवर्षे सोसणारा आणि स्वतः तेथेच राहणारा कारखानदार होता, दुसऱ्या गावात अनेक क्लब एकत्र येऊन उभी केलेली टीम होती आणि तिच्यामागे तेवढा पैसा नव्हता. वर ज्या चौथ्या गोष्टीचा उल्लेख केला, बिल मंजूर करणारा कुठे बसतो, ती हीच. मालक गावचा असेल तर मंदीच्या वर्षीही टीम टिकते. मालक परगावचा असेल तर त्याला ते केवळ एक खाते असते, आणि खाते केव्हाही बंद करता येते.

आता सामन्यांच्या दिवसांचा हिशेब मांडू. आयपीएलमध्ये साखळीत एका टीमच्या वाट्याला चौदा सामने येतात, त्यातले घरचे सात. म्हणजे वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी सात संध्याकाळी. आपल्या गावचा आठवडी बाजार वर्षातून ५२ वेळा भरतो. मंगरुळपीरला हजरत दादा हयात कलंदर यांचा उर्स भरतो, मानोरा तालुक्यात पोहरादेवीची यात्रा भरते. तिथे दुकान लावणाऱ्याला ठाऊक असते की पुढील वर्षीही हा मेळा इथेच आहे. उर्स मोहालीला हलत नाही. शिवाय उर्सात जागेचे भाडे भरले की आपण काय विकतो ते आपल्या हाती असते. मोठ्या मैदानात तसे नसते. आतले खाणेपिणे एका ठेकेदाराकडे, पाणी दुसऱ्याकडे, आणि बाहेर पोलिसांचा बंदोबस्त. जर्सी आणि झेंडे यांचे तर कायद्याचे कलम लागते. टीमचे नाव आणि चिन्ह ही नोंदलेली मालमत्ता असते. परवानगीशिवाय ते छापून विकले तर माल जप्त होऊ शकतो आणि खटलाही होऊ शकतो. ‘सगळेच विकतात’ हे उत्तर न्यायालयात चालत नाही.

मग धंदा कशात आहे? आमच्या मते सामन्यात कमी आणि सरावात जास्त. टीम जिथे महिना-दोन महिने राहून सराव करते तिथे रोज कपडे धुवावे लागतात, रोज कोंबडी, अंडी, भाजी, फळे लागतात, जाळ्या फाटतात, लोखंडी सांगाडे जोडावे लागतात, गाड्या लागतात, गाद्या-उशा, फर्निचर, वीजजोडणी लागते. हे काम दिसायला लहान, पण नियमित असते. टीम आली असे ऐकले तर पहिला प्रश्न ‘सामने किती’ हा नसावा. सराव कुठे, किती दिवस आणि खरेदी कोण करतो, हे विचारावे.

उधारीबद्दल दोन शब्द, कारण अशा कामात माल लगेच जातो आणि पैसा उशिरा येतो. टीम सहसा थेट खरेदी करीत नाही, मध्ये कार्यक्रम घेणारी एजन्सी असते, तिच्याखाली आणखी एक ठेकेदार असतो. मोसम संपला की ठेकेदाराचा फोन लागत नाही. ऑर्डर तोंडी घेऊ नये. जे बांधव स्वतः माल तयार करतात किंवा सेवा देतात, म्हणजे शिंपी, वेल्डर, छपाईवाले, सुतार, त्यांनी उद्यम नोंदणी करून ठेवावी. ती फुकट होते. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. त्यानुसार लेखी करार असेल तरी खरेदीदाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर व्याज मागता येते. मात्र नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला, त्याची उद्यम नोंदणी असली तरी, या तरतुदीचा लाभ नाही. त्याने आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय माल सोडू नये, हा जुनाच नियम बरा.

कारागीर बांधवांनी आणखी एका शहराकडे पाहावे, ते म्हणजे मेरठ. मेरठला आयपीएलची टीम नाही. तरीही भारतात होणारे कसोटी आणि रणजी सामने ज्या चेंडूने खेळले जातात तो एसजी चेंडू मेरठच्या कंपनीचा. बॅट, पॅड, हातमोजे यांचे कारखाने तेथे गल्लोगल्ली आहेत. टीम लखनौची असो वा चेन्नईची, आणि उद्या ती बंद पडून तिसरीकडे गेली तरी मेरठच्या कारागिराची ऑर्डर थांबत नाही. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी मेरठ आणि जालंधरला हा धंदा रुजविला, तेव्हा त्यांनी टीम कुठे आहे हे पाहिले नव्हते. मेरठ उभे व्हायला अनेक दशके गेली हे खरे, त्याची नक्कल उद्या कारंज्यात होणार नाही. परंतु त्याचा लहान तुकडा आपल्यालाही उचलता येतो. तालुक्यातालुक्यांत टेनिस चेंडूच्या स्पर्धा होतात, शाळांचे क्रीडा महोत्सव असतात, गणवेश लागतात. त्या जर्सी बहुधा बाहेरून छापून येतात. छपाईच्या सब्लिमेशन पद्धतीला छपाईयंत्र, उष्णतेने दाबण्याचे यंत्र आणि पॉलिस्टर कापड लागते. सुती कापडावर ही छपाई बसत नाही, हे यंत्र घेण्यापूर्वी लक्षात ठेवावे.

राहिला मूळ प्रश्न, विदर्भाची टीम कुठे असावी. क्रिकेटची असेल तर नागपूरला पर्याय नाही, कारण विमानतळ आणि जामठा दोन्ही तेथेच आहेत. वाशिम जिल्ह्यात व्यावसायिक टीम येण्याची शक्यता आम्हाला दिसत नाही, आणि उगाच आशा दाखविणे आम्हाला आवडत नाही. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्ग मुंबईच्या टोकापर्यंत पूर्ण झाला, तो मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा तालुक्यांतून जातो, तेवढ्यावरून कोणी आपल्या गावाजवळ मैदान होणार म्हणून प्लॉट विकत असेल तर मैदानाची मंजुरी कागदावर दाखवा असे त्याला सांगावे.

मात्र टीम कबड्डीची असेल तर आम्ही अमरावतीचे नाव घेऊ. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही तेथील संस्था १९१४ पासून उभी आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिच्या पथकाने आपले देशी खेळ, कबड्डीसुद्धा, जगाला करून दाखविले. खेळाडू घडविण्याची व्यवस्था तेथे आधीपासून आहे. कबड्डीला हिरवळ लागत नाही, हंडाभर पाणी मैदानावर ओतावे लागत नाही. छताखाली मॅट टाकली की सामना होतो, त्यामुळे दुष्काळाच्या आदेशाची धास्ती नाही. लागतो तो एक पदरचा खर्च सोसणारा वऱ्हाडातलाच मालक, आणि तो अद्याप कोणी पुढे आलेला नाही. आला तर कारंज्याच्या शिंप्याला सकाळच्या एसटीने अमरावतीला जाऊन मापे घेऊन दुपारच्या जेवणाला घरी परत येता येईल.